पोराचं ऑपरेशन सकाळी आणि संध्याकाळी घरी? सभासदांनी विचारलं त्याबद्दल



या हंगामात लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी उचल मागायला संस्थेकडे तीन घरं आली. तिघांचा प्रश्न एकच. "सेक्रेटरी, डॉक्टर म्हणतात सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा. पोटाला चिरा देणार आणि एक रात्रसुद्धा ठेवून घेणार नाहीत? खाट नाही म्हणून आम्हाला वाटेला लावतात की काय?" एका आजीने तर सरळ सांगितलं, निदान तीन रात्री ठेवणारा दवाखाना दाखवा, पैसे जास्त गेले तरी चालतील.

आम्ही डॉक्टर नव्हे. बारावीपर्यंत शिकलो आणि पुढची सगळी वर्षं डिझेलचे हिशेब आणि बर्फाची बिलं यात गेली. पण प्रश्न वारंवार येऊ लागला तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, थोडं वाचलं. समजलं ते इथे लिहितो. तुमच्या मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरचाच.

आधी आमच्याच चुकीबद्दल सांगतो, कारण ती लपवून हे लिहिणं बरोबर नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये एक सभासद आला होता. पोरगा दीड वर्षाचा. रडला, खोकला की उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, झोपला की आत जायची. डॉक्टरांनी हर्निया सांगितला आणि लवकरची तारीख दिली. बाप म्हणाला, बोट सोडून आता कसा जाऊ, खलाशी कमी आहेत. आम्हीही मान डोलावली. म्हणालो, "जूनमध्ये बंदी लागली की करा, तेव्हा तुम्ही घरीच असणार." चांगला सल्ला दिला असंच आम्हाला वाटलं होतं.

एप्रिल संपता संपता एका रात्री ती गाठ आत जाईना. पोर किंचाळत होतं, हिरवट उलटी झाली. बाप समुद्रात. आई आणि शेजारीण पोराला घेऊन मासळीच्या टेम्पोतून दवाखान्यात गेल्या आणि बापाला व्हीएचएफवर निरोप दिला. डॉक्टरांनी औषध देऊन, हळूहळू दाबून आतडं आत सरकवलं. सूज उतरायला दोन दिवस थांबले, मग ऑपरेशन केलं. पोर वाचलं, आज किनाऱ्यावर धावतं. पण जे काम एका सकाळचं होतं त्याला चार रात्री लागल्या. आतडं वेळेत सुटलं नसतं तर त्याचा रक्तपुरवठा तुटून तुकडा कापून काढावा लागला असता. तो सल्ला आम्ही दिला होता हे आम्हाला अजून टोचतं.

म्हणून हर्नियाबद्दल आधी. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचं अंड पोटातून खाली पिशवीत उतरतं. ज्या वाटेने उतरतं ती वाट मागाहून बंद व्हायची असते. काहींची ती उघडीच राहते. होडीचं बूच लावायचं राहिलं तर पाणी आत येतं, इथे आतडं बाहेर येतं, एवढाच फरक. म्हणजे पोराने वजन उचललं, जास्त रडलं, आईने बाळंतपणात काही खाल्लं, यातलं काहीच कारण नाही. वाट जन्मापासूनच उघडी असते. मुलग्यांत जास्त दिसतं, उजव्या बाजूला जास्त आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत फार जास्त. मुलींनाही होतं. मुलींत कधी कधी अंडाशय त्या गाठीत सरकतं, म्हणून "मुलीला कसला हर्निया" म्हणून बसू नये.

जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही. पट्टा बांधून नाही, तेल चोळून नाही, मंत्राने तर नाहीच. आणि मूल जितकं लहान तितकी आतडं अडकण्याची भीती जास्त. त्यामुळे "अजून लहान आहे, मोठा झाला की करू" हा हिशेब इथे उलटा पडतो.

सगळंच असं घाईचं नसतं, हेही सांगायला हवं, नाहीतर हे वाचून कोणी उद्याच धावत सुटेल. बेंबीचा हर्निया, म्हणजे बेंबी फुगून बाहेर येते तो, बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. त्यावर नाणं बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने फायदा होत नाही, कातडी मात्र खराब होते. अंडाच्या पिशवीत नुसतं पाणी भरलेलं असेल, ज्याला हायड्रोसील म्हणतात, तर डॉक्टर सहसा एक-दोन वर्षं वाट बघतात. अंड खाली उतरलंच नसेल तर सहा महिन्यांपर्यंत थांबतात. त्यानंतर ते सहसा उतरत नाही आणि साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं असं सांगतात. पुढे मूल होण्याच्या दृष्टीने आणि कॅन्सरचा धोका कमी करण्यासाठी ते महत्त्वाचं. आपल्याकडे मुलगा शाळेत जाईपर्यंत हे कोणी बघतच नाही. बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाईने एकदा नीट हात लावून बघितलं तरी पुष्कळ कळेल.

आता मुख्य प्रश्न. त्याच दिवशी घरी पाठवणं ही नवी काटकसर आहे का?

मुळीच नाही. ग्लासगो शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स निकोल नावाचे सर्जन होते. त्यांनी १९०९ मध्ये आपला अनुभव मांडला. दहा वर्षांत ८,९८८ मुलांची ऑपरेशनं करून त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं होतं. हर्निया होते, फाटलेले ओठ होते, वाकडे पाय होते. गरीब वस्तीतली मुलं आणि काळ सव्वाशे वर्षांपूर्वीचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मूल परक्या खाटेवर जितकं तडफडतं तितकं आईच्या कुशीत तडफडत नाही. तिथे ते शांत पडतं आणि जखम भरायला शांतता लागते. घरी नर्स पाठवून ते मुलांची चौकशी करत. तेव्हाची भूल आणि आजची भूल यात केवढा फरक आहे, तरीही त्यांना ते जमलं होतं.

आजचा फायदाही त्याच वाटेने जातो. वॉर्डात दहा आजारी मुलं असतात, कुणाला न्यूमोनिया, कुणाला जुलाब. ऑपरेशन झालेलं निरोगी मूल तिथे तीन रात्री ठेवलं तर तो जंतू घेऊन घरी येऊ शकतं. घरी आपलं ताट, आपली गोधडी, आजीचा आवाज. रात्री दचकून उठणं कमी. दुसरा फायदा आमच्यासारख्यांना चटकन समजतो. मासळी विकायला पहाटे बाजारात जाणाऱ्या बाईला वॉर्डात चार दिवस अडकणं म्हणजे काय, हे तिलाच विचारा. धाकटं मूल शेजारी, म्हातारी घरी, टोपली रिकामी.

पण मुलाला घरी पाठवतात ते घड्याळ बघून नव्हे. पोर पूर्ण जागं झालं का, ओळखतं का, उलटी थांबली का, दुखणं आवाक्यात आहे का, जखमेतून रक्त येत नाही ना, हे सगळं बघतात आणि मगच सोडतात. एखादं जरी बसत नसेल तर रात्रभर ठेवून घेतात. तसं झालं तर "एका दिवसाचं सांगून फसवलं" असं म्हणू नये. घरून निघतानाच एका रात्रीचे कपडे पिशवीत टाकावेत.

काही मुलांना तर आधीपासूनच ठेवायचं ठरलेलं असतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं तान्हं बाळ भुलीनंतर काही तासांनी मध्येच श्वास घ्यायचं थांबू शकतं, म्हणून त्याला रात्रभर यंत्र लावून बघावं लागतं. हृदयाचा दोष, दमा आटोक्यात नसणं, फिट येणं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असणं, हे सगळं डॉक्टरांना न विचारता सांगून टाका. बाळ किती आठवड्यांचं असताना जन्मलं तो कागद सोबत न्या. "आता धडधाकट आहे, कशाला सांगायचं" ही हुशारी इथे नको.

भुलीची भीती सगळ्यांनाच वाटते. आजी म्हणतात, भुलीने पोर मंद होतं. हा प्रश्न डॉक्टरांनीही गंभीरपणे घेतला होता. सात देशांतल्या रुग्णालयांनी मिळून हर्नियाचं ऑपरेशन होणाऱ्या ७२२ तान्ह्या बाळांवर अभ्यास केला. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. २०१९ मध्ये निकाल आला. तासाभराच्या आतल्या एका भुलीने दोन्ही गटांत फरक पडलेला दिसला नाही. फार लांब चालणारी किंवा पुन्हा पुन्हा द्यावी लागणारी भूल हा वेगळा विषय आहे, पण हर्नियाचं ऑपरेशन सहसा तेवढं लांबत नाही.

धोका शून्य आहे असं कोणी म्हणणार नाही. पण तो कमी ठेवणारी माणसं आणि यंत्रं तिथे हवीत. तारीख घेताना तीन गोष्टी विचारा, लाजू नका: भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, लहान मुलांना भूल देण्याची त्यांना सवय आहे का, आणि रात्री काही झालं तर आम्ही कुठे यायचं. बोट घेताना इंजिन कुणाचं, किती तास चाललेलं, हे आपण दहा वेळा विचारतो. बांबोळीला गोमेकॉत मुलांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे ही विचारणा करता येते.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. तीन घरांपैकी एकाचं ऑपरेशन याच्यामुळे रद्द झालं. पहाटे पाचला पोर "भूक, भूक" करून रडायला लागलं. आजीला बघवेना. तिने वाटीभर पेज पाजली, कुणाला न कळता. दवाखान्यात भूलतज्ज्ञांनी विचारलं, "काही दिलंय?" आई म्हणाली नाही. आजीचा चेहरा पडला आणि तिने खरं सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. घरचे रागावले, गाडीभाडं गेलं, दिवस गेला. आमच्याकडे येऊन दवाखान्याला शिव्या दिल्या. आम्ही म्हटलं, त्या आजीला नमस्कार करा. ती गप्प बसली असती तर काय झालं असतं? भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची ताकद झोपलेली असते. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं.

साधारण नियम असा सांगतात: जेवण, बिस्किट, गाईचं किंवा डब्याचं दूध सहा तास आधी बंद. आईचं दूध चार तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पेज पाण्यासारखी दिसली तरी ती जेवणच. दुधाचा चहा म्हणजे दूध. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे तास सांगितले तर तेच पाळा. आणि उगाच जास्त उपाशीही ठेवू नका. रात्री आठला जेवलेलं पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावाचून ठेवणं हा त्याचा छळ आहे. पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं ते आदल्या दिवशी नक्की विचारून घ्या, गजर लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. दाराशी चॉकलेट घेऊन येणाऱ्या मामालासुद्धा.

दुसरं कारण सर्दीचं. नाक वाहतंय, खोकला आहे, ताप आहे, तर आदल्या दिवशीच फोन करून कळवा. सर्दीत श्वासाच्या नळ्या चिडलेल्या असतात, भुलीत त्या आवळतात. सर्दी बरी झाल्यावरही काही आठवडे हा त्रास राहू शकतो, म्हणून तारीख पुढे देतात. इथे आपल्या लोकांची पंचाईत आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी, बाप घरी, म्हणून सगळे ऑपरेशनं त्याच दोन महिन्यांत धरतात. आणि नेमकं त्याच पावसात पोरं सर्दी-खोकल्याने बेजार असतात. हायड्रोसील किंवा डॉक्टरांनी सावकाश करा म्हटलेलं काम बंदीत करायला हरकत नाही. जांघेचा हर्निया मात्र बंदीची वाट बघत ठेवू नका. तांडेलांना आमची विनंती, अशा बापाला दोन दिवस सोडा. बदली खलाशी बघायला संस्था मदत करील.

संध्याकाळी घरी नेताना स्कूटर नको. पेंगुळलेलं पोर मध्ये बसवून नेणं म्हणजे जीवाशी खेळ. रिक्षा किंवा गाडी, आणि दोन मोठी माणसं, एक चालवायला, एक पोराकडे बघायला. पेडण्याच्या टोकाची घरं बांबोळीपासून लांब पडतात. पहिली रात्र म्हापशाला किंवा पणजीला नातेवाइकांकडे काढता आली तर फार बरं.

पुष्कळदा भुलीतच कमरेखाली, माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात. त्याने काही तास खालचा भाग बधिर राहतो आणि पोर हसत घरी येतं. त्याचे पायही जड असतात, म्हणून उभं राहताना धरा. फसायचं नाही, रात्री आठ-नऊला तो असर उतरतो आणि मग रडारड सुरू होते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलं असेल तर दुखायची वाट न बघता सांगितलेल्या वेळी द्या. बाटलीवर मात्र नजर हवी. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमची बाटली असते आणि २५० ची पण असते, दिसायला सारखीच. घरातली जुनी बाटली त्याच चमच्याने दिली तर डोस दुप्पट होईल. मोठ्यांची गोळी मोडून नको, अ‍ॅस्पिरिन तर मुलांना मुळीच नको.

आधी पाण्याचे घोट, ते राहिलं तर हलकं खाणं. एखादी उलटी होते. पिशवीला थोडी सूज, निळसरपणा येतो, काही दिवसांत जातो. पण उलट्या थांबत नाहीत, पट्टी रक्ताने भिजत राहते, सूज वाढत जाते, अंगात १०१ च्या वर ताप, लघवी होत नाही, किंवा पोर हलवूनही नीट जागं होत नाही, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. श्वास घ्यायला त्रास असेल तर तडक १०८.

आणि एक आपल्याच घरांसाठी. खाऱ्या पाण्याने जखम बरी होते असं आपण लहानपणापासून ऐकतो. ताज्या टाक्यांना ते लागू नाही. कोमट समुद्रात आणि खाडीत असे जंतू असतात जे उघड्या जखमेतून आत शिरून मोठं दुखणं करतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत समुद्र बंद, खाडी बंद, जाळी सुकत घातलेल्या जागी लोळणं बंद. मासळी साफ केलेल्या हाताने पट्टीला हात लावू नका, आधी साबणाने धुवा. सायकल आणि दांडगाई किती दिवस बंद तेही विचारून घ्या. पोर तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागतं, मोठ्यांनाच धाक ठेवावा लागतो. मासे खाल्ल्याने टाके पिकतात हे खरं नाही. शिजवलेली ताजी मासळी खुशाल द्या.

पैशांबद्दल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड चालू आहे का आणि त्यात बाळाचं नाव घातलंय का ते आज बघा. नवीन बाळाचं नाव राहून गेलं की ऐन वेळी धावपळ होते. खाजगी मेडिक्लेम असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, चोवीस तास दाखल असण्याची अट डे-केअर उपचारांना लागत नाही, पण कंपनीला आधी कळवून मंजुरी घ्या. ओडिशा-झारखंडच्या खलाशांपैकी ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे त्यांना ते दुसऱ्या राज्यातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयातही चालतं. बोटमालकांनी हे त्यांना सांगावं, ती मुलंही आपल्याच जेटीवर वाढतात.

मुलाच्या ऑपरेशनच्या उचलीसाठी डॉक्टरांचा कागद आणि पासबुक एवढंच आणा. यापुढे अशा अर्जाला बैठकीची वाट बघणार नाही, असं संचालक मंडळात ठरलंय. दुपारी एक ते तीन आम्ही जेटीवर वजनाला असतो, तेव्हा कार्यालय बंद असतं. त्या वेळात कुणाचं तातडीचं असेल तर सरळ काट्यापाशी या.